सोसायटीचं डांबरीकरण: चौरस फुटाचा दर बाजूला ठेवा, टन आणि किलो मागा

तुमचा प्रश्न मला असा समजला. पाथर्डी फाट्याजवळची सोसायटी, आतला रस्ता आणि गाड्या वळवायची जागा मिळून "अंदाजे १०,००० चौरस फूट". बिल्डरने केलेलं डांबर उखडलंय, दोन-तीन ठिकाणी खड्डे आहेत, पाइपलाइनसाठी खोदलेला चर बसलाय. तीन कोटेशनं आली आहेत. पहिलं ३४ रुपये चौरस फूट, "कार्पेट व सील कोट". दुसरं ५९ रुपये चौरस फूट, "२ इंच हॉट मिक्स". तिसरं टनाला ६,२०० रुपये, "प्रत्यक्ष वजनाप्रमाणे". सभेत बहुतेकांचं मत ३४ कडे झुकलंय. सेक्रेटरी म्हणून तुम्हाला हवंय ते एवढंच: माल किती लागेल आणि रास्त खर्च किती.

मी रस्त्यांच्या कामांची अंदाजपत्रकं करतो, नाशिक शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत. माझ्या मते तुमची अडचण दराची नाहीच. तीन माणसांनी तुम्हाला तीन वेगवेगळ्या मापांत दर दिलेत, आणि त्यातल्या एकानेही दबाई (रोलरने दाबणं) झाल्यावरची जाडी किती राहील हे लिहून दिलेलं नाही. जाडी कागदावर नसेल तर चौरस फुटाच्या दराला काही अर्थ उरत नाही. म्हणून तिन्ही कोटेशनं आधी एकाच मापात आणू, मग खर्चाकडे वळू.

सुरुवात टेपने करा. तुम्ही दिलेल्या मापांप्रमाणे रस्ता १४० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद, म्हणजे ७०० चौरस मीटर. वळणाची जागा २०० चौरस मीटर. एकूण ९००. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, तेव्हा क्षेत्र ९,६८८ चौरस फूट होतं, १०,००० नाही. फरक ३१२ फुटांचा, पण ५९ च्या दराने तो १८,४०० रुपयांचा आहे. मोजताना रुंदी दर १० मीटरला घ्या आणि सरासरी काढा, कारण कर्बस्टोन कुठे आत असतो, कुठे बाहेर. झाडांची आळी आणि मीटरच्या पेट्यांचे चौथरे वजा करा. माप ठेकेदाराच्या माणसासोबत घ्या आणि कागदावर दोघांच्या सह्या करा.

आता माल. हॉट मिक्सचा, म्हणजे प्लांटमध्ये गरम करून मिसळलेल्या खडी-डांबराचा वरचा थर, ज्याला आम्ही बीसी म्हणतो, तो तुमच्यासारख्या रस्त्यावर ४० मिलिमीटर धरू. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांत बारीक खडीच्या बीसीसाठी ३० ते ४० मिलिमीटर जाडी दिलेली आहे. घंटागाडी, स्कूलबस आणि अधूनमधून पाण्याचा टँकर एवढी वाहतूक असेल आणि खालचा पाया शाबूत असेल तर ४० पुरतं. ९०० चौरस मीटर गुणिले ०.०४ म्हणजे ३६ घनमीटर. याला घनतेने गुणलं की टन मिळतात.

घनतेपाशी जरा थांबा. इंटरनेटवरचे बहुतेक हिशोब घनमीटरला २.३ टन ही घनता धरतात. आपल्याकडची खडी मात्र काळ्या पाषाणाची आहे, सारूळच्या क्रशरची घ्या किंवा दुसरीकडची, आणि हा बेसॉल्ट जड असतो. दबाई झालेला बीसी आपल्याकडे २.४ ते २.५ च्या दरम्यान भरतो. मी २.४५ धरतो आणि प्लांटवाल्याकडून त्याच्या मिक्स डिझाइनमधला (खडी-डांबराचं प्रमाण ठरवणाऱ्या कागदातला) आकडा मागून घेतो. ३६ गुणिले २.४५ म्हणजे ८८.२ टन. २.३ धरले असते तर ८२.८ आले असते. साडेपाच टनांचा फरक पडतो आणि तो शेवटच्या तासाला दिसतो: माल संपतो, रस्त्याचं टोक उरतं, मग उरलेला भाग कुठून तरी खरवडून पातळ थरात उरकला जातो. कोपऱ्यांचं हातकाम, कडांवर सांडणारा आणि पेव्हरमध्ये (मिक्स पसरणाऱ्या यंत्रात) थंड होऊन वाया जाणारा माल यासाठी ४ टक्के वाढवा. म्हणजे ९२ टन. दहा चाकी डंपरमध्ये साधारण १६ ते १८ टन येतात, तेव्हा सहा खेपा, शेवटची अर्धवट.

या ९२ टनांत डांबर किती? बारीक बीसीमध्ये वजनाच्या किमान ५.४ टक्के. म्हणजे जवळपास ४,९५० किलो. हा आकडा लिहून ठेवा, पहिलं कोटेशन समजायला तोच लागणार आहे.

पहिलं कोटेशन कार्पेट आणि सील कोटचं आहे. हे २० मिलिमीटरचं उघड्या दाणेबंदीचं कार्पेट, म्हणजे खडीत पोकळ्या राहणारा डांबरी थर. मानकाप्रमाणे त्याला दर १० चौरस मीटरला ०.२७ घनमीटर खडी आणि १४.६ किलो डांबर लागतं. वरचा सील कोट (पोकळ्या बुजवणारा पातळ थर) प्रीमिक्स प्रकारचा, म्हणजे कच आधीच डांबरात मिसळून टाकलेला असेल तर आणखी ६.८ किलो डांबर आणि थोडी कच. तुमच्या ९०० चौरस मीटरसाठी १,३१४ अधिक ६१२, म्हणजे १,९२६ किलो डांबर. खडी २४.३ घनमीटर, म्हणजे साडेआठ ब्रासच्या वर (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर).

आता शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका कोटेशनमध्ये १,९२६ किलो डांबर आहे, दुसऱ्यात ४,९५०. जाडी एकात २० मिलिमीटर, दुसऱ्यात ४०. ३४ रुपयेवाला स्वस्त आहे असं मी म्हणणार नाही, तो वेगळी वस्तू विकतोय. आणि ती वस्तू वाईटही नाही. चांगल्या दबाईच्या खडीकरणावर, हलक्या वाहतुकीला, खेड्यापाड्यांतले किती तरी रस्ते कार्पेट आणि सील कोटवर वर्षानुवर्षं चालतात. पण कार्पेटमध्ये पोकळ्या असतात, पाणी अडवायचं काम सील कोटकडे असतं, आणि त्या थराला स्वतःची अशी ताकद फार कमी. खालचा पाया जसा, तसं कार्पेट. तुमचा पाया काही ठिकाणी बसलेला आहे हे तुम्हीच लिहिलंय, म्हणून मी तुम्हाला ते सुचवत नाही.

दुसरं आणि तिसरं कोटेशन मात्र एकाच वस्तूची आहेत. टनाला ६,२०० प्रमाणे ९२ टनांचे ५,७०,४०० होतात. ते ९,६८८ ने भागा: ५८.९ रुपये चौरस फूट. म्हणजे ५९ च. पण दुसऱ्याने "२ इंच" लिहिलंय. दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर. हे ५० दबाईआधीचे की नंतरचे? पेव्हरमधून पडलेला सैल माल रोलरखाली सुमारे पाचव्या हिश्शाने बसतो. सैल ५० चे दबाईनंतर ४० होतात. त्याच्या दरावरून मला वाटतं की त्याने सैल जाडीच लिहिली आहे. दबलेले ५० मिलिमीटर तो ५९ रुपयांत देत असेल तर त्याला ११० टनांच्या वर माल आणावा लागेल, आणि ते त्या दरात बसणार नाही. त्यामुळे त्याला एकच प्रश्न विचारा: दबाई झाल्यावर किती मिलिमीटर, आणि एकूण किती टन? उत्तर लेखी घ्या.

हे सगळे दर तुमच्या कोटेशनमधले आहेत. बाजारभाव म्हणून ते पुढे कुणाला सांगू नका. तेल कंपन्या डांबराचे दर महिन्यातून दोनदा, १ आणि १६ तारखेला बदलतात. किलोमागे ५ रुपये वाढले तर तुमच्या कामात ४,९५० किलोंवर २४,७५० रुपये वाढतात, म्हणजे चौरस फुटाला अडीच रुपये. म्हणून शहाणा ठेकेदार कोटेशनची मुदत १५ दिवसांची ठेवतो. त्याने तशी ठेवली तर त्याच्यावर संशय घेऊ नका. सभा, ठराव आणि सह्यांत दोन महिने घालवून जुन्या दराने काम मागणं त्याच्यावर अन्याय आहे, आणि मग तो तो फरक जाडीतून वसूल करतो.

यापुढचा भाग अंदाजपत्रकात सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून तिथे जास्त वेळ देतो. वरचा ९२ टनांचा हिशोब सपाट पृष्ठभागासाठी आहे. तुमचा रस्ता सपाट नाही. पेव्हर वरून एकसारखी रेषा देतो, त्यामुळे जिथे जुना रस्ता दबलाय तिथे जाडी आपोआप वाढते आणि माल जास्त जातो. ठेकेदाराला हे माहीत असतं. टनाच्या दराने काम असेल तर बिल फुगतं, चौरस फुटाच्या दराने असेल तर उंचवट्यांवर थर वीस-पंचवीस मिलिमीटरचा राहतो. दोन्ही टाळायचे असतील तर आधी मोजा. दोन कडांना दोरी ताणा, दर ५ मीटरला डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी दोरीपासूनची खोली घ्या, वहीत लिहा. दोघा जणांची एक सकाळ पुरते. त्यातून कळेल की किती भागाला समतलीकरणाचा थर लागेल. समजा ३० टक्के क्षेत्राला सरासरी १५ मिलिमीटर भर लागली, तर २७० गुणिले ०.०१५ गुणिले २.४५, म्हणजे जवळपास १० टन. त्याचे ६२,००० रुपये. ही रक्कम स्वतंत्र ओळीत दाखवा, वरच्या थरात मिसळू देऊ नका.

खड्ड्यांचं वेगळं. खड्ड्यात नुसतं मिक्स ओतून वर थर टाकला तर पुढच्या पावसाळ्यात तोच खड्डा त्याच जागी दिसेल. तुम्ही लिहिलंय की पाइपलाइनसाठी खोदलेला चर बसलाय. पाथर्डीच्या बाजूला काळी माती भरपूर आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तीच माती चरात परत ढकलली असेल तर वर काहीही घाला, ते बसणारच. तेवढा भाग चौकोनी कापा, २५ सेंटीमीटर खोदा, माती बाहेर टाका, डब्ल्यूएमएम म्हणजे पाणी घालून तयार केलेलं दाणेबंद खडीमिश्रण दोन थरांत भरा आणि प्रत्येक थर व्हायब्रेटरने दाबा. असा भाग ६० चौरस मीटर असेल तर दबलेलं १५ घनमीटर, सैल माल साधारण १.३ पट, म्हणजे साडेएकोणीस घनमीटर, सातएक ब्रास. ब्रासने माल घेताना डंपरचा हौदा मोजा किंवा वजन करा. सैल खडीचा एक ब्रास सव्वाचार ते साडेचार टन भरतो, तेव्हा काट्याच्या पावतीवरून ब्रास पडताळता येतो. नव्या डब्ल्यूएमएमवर प्राइम कोट, म्हणजे खडीत मुरणारा पहिला फवारा लागतो, चौरस मीटरला ०.७ ते १ किलो इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर). बाकी जुन्या डांबरावर टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटवणारा फवारा, ०.२ ते ०.३ किलो, म्हणजे तुमच्या पूर्ण क्षेत्राला सव्वादोनशे किलोंच्या आसपास. टॅक कोट दरात धरलाय की वेगळा आहे हे विचारा. फवारल्यावर इमल्शन तपकिरी दिसतं. ते काळं झाल्याशिवाय वर मिक्स टाकू द्यायचं नाही.

तिसरी गोष्ट पातळीची. नवा थर ४० मिलिमीटरने रस्ता उचलतो. ड्रेनेजची आणि पावसाळी चेंबरं तेवढीच उचलावी लागतात, नाहीतर प्रत्येक चेंबरपाशी खळगा होतो. चेंबरची संख्या मोजा आणि नगाप्रमाणे दर घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तळमजल्याच्या जोत्यांची आणि पार्किंगच्या तोंडाची उंची पाहा. रस्ता आधीच एकदा उचललेला असेल तर या वेळी पाणी पार्किंगमध्ये शिरेल. तिथे जुना थर खरवडून काढण्याचा खर्च धरावा लागेल. डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे अडीच टक्के उतार हवा. ५ मीटर रुंदीला मध्यापासून कडेपर्यंत तो सहा सेंटीमीटरच्या आसपास येतो. रस्त्यावर पाणी साचू दिलं की ते खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरतं, डांबर खडीपासून सुटतं. नाशिकचा पाऊस इगतपुरीसारखा कोसळणारा नाही, पण दिवसेंदिवस रिपरिपतो, आणि साचलेल्या पाण्याला तेवढा वेळ पुरतो. उतार आणि गटाराचं तोंड दुरुस्त करायला पैसे कमी पडत असतील तर वळणाच्या जागेचं डांबर पुढच्या वर्षावर ढकला, पण पाण्याची वाट आधी करा. हे मी मनापासून सांगतोय, कारण बिघडलेल्या सोसायटी रस्त्यांपैकी बरेचसे पाण्यामुळेच बिघडलेले मला दिसतात.

जिथे गाड्या कायम उभ्या राहतात तिथे डांबर करूच नका. ऑइल आणि डिझेल गळून डांबर मऊ पडतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात दुचाकीचं स्टँड त्यात रुततं. तिथे पेव्हर ब्लॉक बरे.

खर्चाची बेरीज तुमच्याच दराने अशी होते: वरचा थर ५,७०,४००, समतलीकरण ६२,०००, मिळून ६,३२,४००. यावर १८ टक्के जीएसटी, १,१३,८३२. एकूण ७,४६,२३२. चराची दुरुस्ती, चेंबर, आणि वेगळा असल्यास टॅक कोट, हे याच्या वर. सभेसमोर हा आकडा जीएसटीसकट मांडा. ५९ आणि ५९ अधिक कर यांत लाखाचा फरक आहे आणि तो बिल आल्यावर कळला की भांडण सेक्रेटरीशी होतं. टीडीएस कापायचा का आणि किती, हे तुमच्या ऑडिटरला आधीच विचारून ठेवा.

सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची पाहून काही सभासद म्हणतील की सरकारी दर तर कितीतरी कमी आहे. तो मोठ्या कामाचा दर असतो, आणि त्यावर कर वेगळा. पेव्हर, रोलर आणि टोळी तुमच्या दारात आणायचा खर्च ९२ टनांना आणि ९०० टनांना सारखाच येतो. हा खर्च कमी करायचा एक खरा मार्ग आहे: शेजारच्या एखाद्या सोसायटीला सोबत घ्या आणि दोन्ही कामं लागून ठेवा. त्यातच, २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी शहरात रस्त्यांची कामं मोठ्या प्रमाणावर आहेत, प्लांट त्यांना आधी माल देतात. छोट्या कामाला तारीख मिळायला वेळ लागेल असं धरून आधीच बोलणी करा. पावसाळ्यात हे काम होत नाही. डिसेंबर-जानेवारीत करायचं तर सकाळी उशिरा सुरू करा. हवा १० अंशांच्या खाली असताना हॉट मिक्स टाकायचं नसतं, आणि आपल्याकडे त्या पहाटे तेवढ्या थंड असतात.

कामाच्या दिवशी तपासायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. प्रत्येक डंपरची काट्याची पावती, रिकाम्या आणि भरलेल्या वजनासकट, आणि काटा शक्यतो प्लांटबाहेरचा. डंपरवर ताडपत्री. साध्या व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचं मिक्स पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस असावं आणि दबाई ९० अंशांच्या खाली जाण्याआधी संपावी. धातूची सळई असलेला थर्मामीटर ठेकेदाराकडे असतो, नसेल तर तुम्ही आणा. थंड मिक्स कितीही रोलर फिरवला तरी नीट दबत नाही, आणि मग वजन बरोबर असूनही रस्ता सच्छिद्र राहतो.

संध्याकाळी पावत्यांची बेरीज करा. एकूण टनांतून समतलीकरणाचे आणि वाया गेलेले टन वजा करा, उरलेल्याला ९०० ने आणि २.४५ ने भागा. ८८ टन उरले तर सरासरी जाडी ४० मिलिमीटर. ६६ उरले तर ३० मिलिमीटर, मग वरून रस्ता कितीही काळाभोर दिसो. शंका असेल तर दोन-तीन ठिकाणी कोअर, म्हणजे रस्त्याचा गोल नमुना कापून जाडी मोजता येते. ही अट करारात आधीच लिहा, आणि शेवटचा १० टक्के हप्ता एक पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवा. दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा टँकर आत घेऊ नका.

तिघांनाही पुन्हा एकच पत्र पाठवा: क्षेत्र ९०० चौरस मीटर, बीसी दबाईनंतर ४० मिलिमीटर, व्हीजी-३०, डांबर किमान ५.४ टक्के, टॅक कोट धरून, समतलीकरण टनाप्रमाणे वेगळं, चेंबर नगाप्रमाणे, जीएसटी वेगळा दाखवून. कार्पेटवाल्यालाही पाठवा, तोही बहुधा बीसी करतोच. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी राहिल्यात, त्या कळवा: टँकर महिन्यातून एकदा येतो की रोज, आणि पार्किंगच्या तोंडाशी सध्या किती उंची शिल्लक आहे. टँकर रोज येत असेल तर बीसीखाली ५० मिलिमीटरचा डीबीएम (जाड खडीचा खालचा डांबरी थर) धरावा लागेल, म्हणजे आणखी ११० टनांच्या आसपास माल, आणि मग रस्ता एकूण ९ सेंटीमीटर उचलला जाईल. तेवढी उंची नसेल तर खरवडण्याचा हिशोब आधी करावा लागेल.